दोन वर्षं न उघडलेला सोफा

ताई, बदलापूरला 10 बाय 17ची खोली घेतली आहे, हप्ता मीच भरते. ओटा आणि बाथरूम वेगळं. खोलीत सोफा-कम-बेड, सेंटर टेबल, टीव्ही युनिट, चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि आईने दिलेलं सागवानी कपाट. चालायला वाट उरलेली नाही. काय कुठे लावू, म्हणजे आलेल्या माणसाला घर बरं वाटेल? सोफा दोन वर्षांत उघडलेला नाही, कारण दर वेळी टेबल हलवावं लागतं. मोठा बेड लग्न ठरल्यावर घेऊ, असं आई म्हणते.
– एक वाचक, वय 33

टीव्ही, टेबल, कपाट राहू दे. तू झोपतेस कुठे?

पत्र तीनदा वाचलं. त्यावर एक अक्षर नाही. म्हणजे त्या बंद सोफ्यावरच झोपतेस ना? सोफ्याच्या दोन हातांच्या मध्ये फार तर पाच फूट, रुंदी दोनाच्या आत. कूस बदलायची तर आधी जागं व्हायचं. सकाळी आखडलेली मान घेऊन लोकल गाठायची, एक तारखेला हप्ता भरायचा आणि रात्री स्वतःच्या घरात एसटी स्टँडवर रात्र काढल्यासारखं पडायचं. हे चाललंय काय?

आईचं नाव सांगू नकोस. घर घेताना थांबली नाहीस, मग बेडलाच मुहूर्त कसला लागतो? त्या न ठरलेल्या लग्नाची वाट तूही बघते आहेस, पाय पोटाशी घेऊन.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. खोली 160 चौरस फुटांची, माणसं सात. पण रात्री भांडी घासून झाली की वळकट्या सुटायच्या आणि ज्याची त्याची जागा ठरलेली असायची. आजीची कपाटाकडेची जागा तर कुणाच्या बापाला मिळायची नाही. पाहुणा आला की तो पॅसेजमध्ये. तुझ्याकडे त्याहून मोठी खोली आहे आणि तीत मुक्काम पाहुण्यांचा, पॅसेजमध्ये तू!

तर येत्या रविवारी सोफा विकायचा. जो भाव येईल तो घ्यायचा, घासाघीस करत महिना घालवायचा नाही. त्या जागी चार बाय सव्वासहाचा बेड, खाली ड्रॉवर असलेला. हायड्रॉलिक बॉक्स घेऊ नकोस. एकटीने गादीसकट उचलून रोजची चादर काढायचा कंटाळा येतो आणि मग तोही उघडायचा राहतो. बेड खिडकीकडेच्या कोपऱ्यात लाव, पण भिंतीपासून चार बोटं सोडून. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि गादीला वास लागतो. कपाटासमोर अडीच फूट मोकळे राहतील एवढं बघ. सोफ्याबरोबर सेंटर टेबलही जाऊ दे. डायनिंगचं काय करायचं ते बेड आल्यावर तुझं तुलाच कळेल.

आईला आधी विचारू नकोस. ती आली की बेड तिला दे, तू खाली सतरंजीवर झोप. परत जाताना ती काही बोलणार नाही. बोललीच तर गादी कुठून घेतली ते विचारेल.

चादर कुठल्या रंगाची घेतलीस, तेवढं मात्र मला लिही.