बँकच उरली नाही, मग बाबांचे पैसे गेले कुठे?

प्रश्न : बाबा मागच्या वर्षी गेले. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत युनायटेड वेस्टर्न बँकेचं पासबुक आणि १९९८ ची एफडीची पावती सापडली. पासबुकातली शेवटची एन्ट्री २००३ ची आहे. भाऊ म्हणतो बँकच बंद झाली, घाल रद्दीत. ओळखीचा एक एजंट म्हणतो २० टक्के द्या, काढून देतो. काय करू?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, रद्दीत अजिबात घालू नका, आणि एजंटला तर चहा पण पाजू नका. साताऱ्याची ती बँक बुडाली नाही, ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, म्हणजे हक्क मागायचा तो आता आयडीबीआयकडे.

दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या डीईए फंडात, म्हणजे अशा बेवारस पडलेल्या ठेवींच्या फंडात टाकते. हा फंड २०१४ चा. पण तिथे गेले म्हणजे सरकारजमा झाले असं नाही हं, वारस कधीही मागू शकतात, मागायचे मात्र आपल्या बँकेतच, रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचं काम नाही. बचत खात्यासारख्या व्याजाच्या ठेवीवर फंडात गेल्यावरही व्याज मिळतं, आधी ४ टक्के होतं, मग साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३. थोडंच आहे, पण मिळतं.

आधी घरबसल्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर, म्हणजे अशा विसरलेल्या ठेवी शोधायच्या वेबसाइटवर बघा. मोबाईल नंबरने रजिस्टर करायचं, बाबांचं नाव, बँक, आणि पॅन, वोटर आयडी नाहीतर जन्मतारीख टाकायची, फुकट आहे. त्यात ३० बँका आहेत. नाव मात्र पासबुकावर आहे तस्संच टाका, त्या काळी क्लार्क हाताने लिहायचे, एकच दत्तात्रय तीन स्पेलिंगने सापडतो, कधी नुसतं डी. जी. असतं. पहिल्या फटक्यात नाही आलं म्हणून सोडू नका, इनिशियल्स उलटसुलट करून बघा. आणि पोर्टल फक्त माहिती देतं, पैसे नाही.

मग पासबुक, पावती, मृत्यूचा दाखला, तुमचं आधार-पॅन घेऊन आयडीबीआयच्या शाखेत जा. झेरॉक्स द्या, मूळ पावती आत्ताच हातातून सोडू नका. पासबुकाच्या पहिल्या पानावर जुन्या शाखेचं नाव असेल ते आधी दाखवा, नुसत्या जुन्या खाते नंबरावर काउंटरवरचा माणूस गोंधळतो. नॉमिनी लावलेला असेल तर काम सोपं, नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, म्हणजे भावाची पण (त्याला हे मुद्दाम वाचायला द्या). अर्जाच्या कॉपीवर तारखेसकट शिक्का घ्या. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला बँक चार्ज लावू शकत नाही.

ट्रंकेत एखाद्या पतसंस्थेची पावती निघाली तर ती वेगळी ठेवा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, ती उद्गमवर शोधत बसाल तर दिवस वाया जाईल, तिचं त्या संस्थेच्या ऑफिसात आणि नाहीच झालं तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे बघावं लागतं.