मृग लागल्यावर खोली बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. मिरजोळ्याला मुंबई विद्यापीठाच्या उपकेंद्रात तुझा प्रवेश होईल असं दिसतंय, आणि तुला स्वस्त, शांत, चालत जाता येईल अशी खोली हवी आहे. तीनपैकी दोन अटी जमतील. चालण्याचा हट्ट सोडलास तर उरलेल्या दोन्ही, म्हणून शेअर रिक्षाचे पैसे आधीच बाजूला काढ.

तू मे महिन्यात येऊन खोली पक्की करायची म्हणते आहेस. तेवढं करू नकोस.

मीही घाटावरचीच. रत्नागिरीत पहिली खोली घेतली ती डिसेंबरात, मांडवीजवळ. पश्चिमेला खिडकी, खिडकीत समुद्र, भाडं परवडणारं. दुसरी खोली बघितलीसुद्धा नाही. जूनमध्ये झड सरळ आत यायला लागली आणि खिडकी चार महिने बंद ठेवावी लागली. गादी ओलसर, चपलांवर बुरशी, टाचणांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मी भूगोलात शिकले होते. पण डोक्यावर पत्रा असला तर त्याचा आवाज किती होतो हे कुणी शिकवलं नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलायचं. पत्र्याची खोली स्वस्त का असते, ते जुलैत कळतं.

मग आला भाद्रपद. मालक मुंबईला असायचे, म्हणून तर घर शांत होतं. चतुर्थीच्या चार दिवस आधी फोन आला, "बाई, आठवडाभर खोली मोकळी करून द्याल ना?" मला वाटलं विचारतायत. ते सांगत होते. ट्रंक उचलून मैत्रिणीकडे गेले आणि परत आले तेव्हा माझ्या स्टोव्हवर कुणीतरी उकडीचे मोदक केलेले दिसत होते. (एक डब्यात ठेवला होता माझ्यासाठी. माणसं वाईट नव्हती.)

म्हणून खोली बघताना अंतर नंतर मोज, आधी वर्ष डोळ्यापुढे आण. मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नको. "गणपतीत आणि मे महिन्यात ही खोली तुम्हाला लागते का?" असं सरळ विचार. मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी या दोन वेळांना हमखास गावी येतात, काही घरांत शिमग्यालाही. लागते म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्या दिवसांचं भाडं वजा होईल का आणि सामान कुठे राहील, हे तिथेच ठरव. मालक वर आणि तू खाली असं घर मिळालं तर मी ते आधी घेईन. रात्री किती वाजेपर्यंत आलेलं चालतं, मैत्रीण मुक्कामाला आली तर काय, असले जाच तिथे असतात खरे. पण तिथे तुला कुणी गणपतीत बाहेर काढत नाही, आणि लाइट गेली तर मेणबत्ती वरून येते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो मालकाला नाही, शेजारच्या बाईला विचार. विहीर आहे का, मे अखेरीस तिला किती पाणी उरतं, टँकर मागवला तर पैसे कोण देतं. शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. पण तू बघशील त्या नाचणे, कुवारबाव, मिरजोळे या वेगळ्या ग्रामपंचायती, तिथलं गणित घरागणिक बदलतं.

कुवारबावला मुख्य रस्त्यालगत राहू नकोस, रहदारी थांबत नाही. दोन गल्ल्या आत गेलीस की तेच कुवारबाव निराळं लागतं. नाचण्याला बंगल्यांच्या खालच्या खोल्या मिळतात. मारुती मंदिर, साळवी स्टॉप या पट्ट्यात खाणावळी आणि झेरॉक्स हाताशी, म्हणून भाडंही तसंच. एमआयडीसीला अगदी लागून खोली मिळाली तर रात्री दहाला एकदा तिथे उभी राहून बघ: एखादं मशीन चालू आहे का, आणि त्या रस्त्यावरून तू एकटी येशील का.

शिमग्याचा आवाज मात्र हिशोबात धरू नकोस. ग्रामदैवत भैरीची पालखी निघते, ढोल वाजतात, तेव्हा अभ्यास होत नाहीच. गणपतीत आरत्या नि जाखडीचा नाच. त्या दिवसांत शांतता मागणारा माणूस मला तरी जरा संशयास्पद वाटतो.

करार तोंडी करू नकोस. 'ओळखीचे आहेत, कागद कशाला' असं इथे फार ऐकशील. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन होतो. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी शुल्क ५०० रुपये, शहरात १०००. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. महिना पाच हजारांची खोली धरलीस तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क दीडशे रुपयांच्या आसपास. एजंट या सगळ्याचे चार हजार सांगेल. डिपॉझिट किती, परत कधी, आणि लाइटचं मीटर वेगळं की युनिटमागे मालक ठरवेल तो दर, हे त्या कागदात यायलाच हवं.

तर मे महिन्यात ये, हिंड, फोन नंबर घेऊन ठेव, आंबे खा. पण बयाणा देऊ नकोस. मृग लागला, दोन-तीन दिवस सलग कोसळला, की परत ये आणि त्याच खोल्या पुन्हा बघ. भिंतीला हात लाव. पलंग असेल तर ओढून मागची भिंत बघ, नवा रंग मारला असेल तर जास्तच बघ. दार लावून पाच मिनिटं नुसती बस. तोवर एक-दोन खोल्या हातच्या जातील, जाऊ देत. मिळेपर्यंत माझ्याकडे माडीवर राहा; कौलं शाकारून झालीत, एका कोपऱ्यात गळतं तिथे बादली ठेवते.

येताना भाकरीचं पीठ आण, इथे तसं मिळत नाही.

तुझी,
मावशी