निवृत्तीनंतर रोजच्या वापराला कोणती सायकल घ्यावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील 63 वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेत, उंची 5 फूट 5 इंच, एक गुडघा अधूनमधून दुखतो. घर कोथरूडला. सकाळी आठ-दहा किलोमीटरची फेरी, शिवाय भाजी, बँक, औषधं ही कामंही सायकलवरूनच करायची त्यांची इच्छा आहे. बजेट 25 हजार. गिअरची घ्यावी का, आणि कोणत्या कंपनीची?

कंपनी तूर्त बाजूला ठेवा. साठीनंतरच्या सायकलमध्ये मी आधी एकच गोष्ट बघायला सांगेन: तिच्यावर चढता-उतरता कसं येतं. सायकल वेगात असली की तोल सांभाळणं सोपं असतं. तोल जातो तो सिग्नलला थांबताना, उतरताना, एक पाय हवेत असताना. दांड्याच्या सायकलवरून उतरायचं तर पाय सीटवरून मागे फिरवावा लागतो. कॅरिअरवर भाजीची पिशवी बांधलेली असली की चप्पल नेमकी त्या पिशवीला अडकते, आणि त्या क्षणी सगळा भार दुसऱ्या पायावर, म्हणजे कदाचित दुखऱ्या गुडघ्यावर असतो. म्हणून दांडा खाली उतरलेली फ्रेम घ्या. तिला आपल्याकडे सरसकट ‘लेडीज सायकल’ म्हणतात, दुकानात ‘स्टेप-थ्रू’ किंवा ‘लो-स्टेप’ म्हणतील. नळी जमिनीपासून 45-50 सेंटिमीटरवर असली तर पाय समोरून सहज पलीकडे जातो. वडील नावाला बिचकले तर वाद घालू नका. दुकानातच कॅरिअरवर भरलेली पिशवी ठेवून दोन्ही प्रकारच्या सायकलींवरून त्यांना चार-चार वेळा उतरायला लावा.

दुसरी गोष्ट सीटची उंची. सायकल चालवून गुडघे दुखतात त्यामागे बहुतेक वेळा खाली ठेवलेली सीट असते. थांबल्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकावेत म्हणून लोक सीट खाली घेतात. मग पेडल वर आलं की गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावला की वाटीमागे दाब येतो. उंची अशी ठरवा: भिंतीला धरून सीटवर बसवा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. कंबर एका बाजूला न झुकवता पाय सरळ झाला पाहिजे. नंतर टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. हिशेबाने करायचं असेल तर अनवाणी भिंतीशी उभं करून जांघेत एक जाड पुस्तक घट्ट धरायला सांगा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि 0.88 ने गुणा. अंतर 75 सेंटिमीटर आलं, तर पेडलचे दोन्ही दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत 66 सेंटिमीटर हवेत. नवखेपणी एखादा सेंटिमीटर कमी ठेवला तर चालेल, चार-पाच नको.

एवढ्या उंचीवर बसल्या जागी फक्त पायाची बोटं टेकतात, म्हणून पहिले दोन दिवस भीती वाटते. त्यावर उपाय सीट खाली घेण्याचा नाही, थांबण्याची पद्धत बदलण्याचा आहे. ब्रेक दाबत एक पेडल खाली आणायचं, त्यावर उभं राहून सीट सोडायची आणि पुढे सरकत दुसरा पाय जमिनीवर टेकायचा. समोर दांडा नसल्यामुळे तिथे दोन पायांवर निवांत उभं राहता येतं. निघताना याच्या उलट: एक पेडल घड्याळात दोन वाजल्यासारखं पुढे-वर ठेवायचं, त्यावर जोर देऊन उठायचं, सायकल चालू झाली की मागे बसायचं. मोकळ्या मैदानावर रोज अर्धा तास असं आठवडाभर केलं की अंगवळणी पडतं.

गिअर घ्याच. का, ते आकड्यांतच बघा. साध्या काळ्या सायकलला पुढे पेडलजवळच्या दातेरी चाकाला 44 आणि मागच्या दातेरी चाकाला 18 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वापाच मीटर जाते. सपाटीवर ठीक आहे, पण पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढताना प्रत्येक फेरा गुडघ्याने रेटावा लागतो. पुढे 38 आणि मागे 34 दाते असले की एका फेऱ्यात जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पायाला निम्म्याहूनही कमी जोर. वेग कमी होतो, होऊ द्या. मिनिटाला 60 ते 70 फेरे हलकेच फिरत राहिले की गुडघा कुरकुरत नाही.

‘21 गिअर’ या आकड्याला मात्र भुलू नका. पुढे तीन आणि मागे सात दातेरी चाकं असली तरी त्यातले कितीतरी गिअर एकसारखेच पडतात, आणि पुढचा गिअर सारखा बिघडून चेन घासायला लागते. पुढे एकच आणि मागे 7 किंवा 8 चाकं असलेली सायकल बघा. दुकानदाराला नेमकं विचारा: मागचं सगळ्यात मोठं चाक किती दात्यांचं? स्वस्त सायकलींत ते 28 चं असतं, तुम्हाला 34 चं हवंय. गिअर अंगठ्याने दाबून बदलणारा घ्या. मूठ पिळून बदलायचा असला तर बोटांचे सांधे धरलेल्या माणसाला त्रास होतो.

टायर 38 ते 45 मिलिमीटर रुंद हवेत. पेव्हर ब्लॉक, खड्डे, गतिरोधक यांचे धक्के रुंद टायरच खातो, तेही हवा योग्य असेल तर. वजन 65-70 किलो असेल तर मागे 50 आणि पुढे 45 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. दगडासारखं टणक टायर मनगटं दुखवतं, आणि हवा फार कमी झाली की खड्ड्यात रिम ट्यूबला चावून पंक्चर होतं. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेला बघा, म्हणजे हवा कुठेही भरता येते. पुढे सस्पेन्शन नको. या किमतीतलं सस्पेन्शन दोनेक किलो वजन वाढवतं आणि नीट निगा राखली नाही तर एक-दोन पावसाळ्यांत आतून गंजून अडकतं. सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि रुंद टायर हीच जोडी बरी.

हँडल सीटपेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर आणि थोडं मागे वळलेलं असलं की पाठ ताठ राहते. तळहाताला मुंग्या येत असतील तर हँडल खाली किंवा लांब आहे असं समजा, हातमोजे घेऊन ते सुटत नाही. ताठ बसल्यावर सगळा भार बैठकीवर येतो म्हणून सीट जराशी रुंद हवी, पण उशीसारखी गुबगुबीत नको: ती दहा मिनिटं छान वाटते, नंतर मांड्या घासतात. ब्रेकच्या लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो, तो आवळला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. दोन बोटांनी तो सहज धरता आला पाहिजे. हे काम दुकानातच करून घ्या.

आता पैशांचं. 25 हजारांतले तीन-चार हजार आधीच बाजूला काढा, कारण बऱ्याच हायब्रिड (रस्त्यावरची आणि डोंगरातली यांच्या मधल्या) सायकलींना मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी यातलं काहीच सोबत मिळत नाही. फ्रेमला मागच्या चाकाजवळ कॅरिअर बसवायची भोकं आहेत का ते बघून घ्या, नाहीतर भाजीची पिशवी हँडलला लटकेल. ती तिथे कधीच नको, कारण झोके खाते आणि वळताना चाकात जाऊ शकते. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा लागेलच. उजव्या मुठीच्या टोकाला आरसाही लावा. साठीनंतर मान पटकन मागे वळत नाही, आणि मागची गाडी बघायला वळलं की हँडलही त्याच बाजूला जातं.

इलेक्ट्रिकचा विचार मनात येईल. 250 वॉटपेक्षा कमी मोटर आणि 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या सायकलला लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. चढावर ती खरोखर उपयोगी आहे. पण वजन वीस किलोच्या वर जातं, लिफ्ट नसेल तर जिन्यावरून चढवणं जमणार नाही. शिवाय स्वस्त सायकलींत पेडल थोडं फिरल्यावर मोटर एकदम धक्का देते, तेव्हा गल्लीत सावकाश वळताना सायकल हातातून निसटू शकते. तुमच्या बजेटमध्ये मी साधी गिअरचीच घेईन.

तीन चाकी घ्यायची घाई करू नका. थांबल्यावर ती पडत नाही हे खरं, पण वळताना ती आत झुकत नाही, त्यामुळे वेगात वळलं की बाहेरच्या बाजूला कलंडते. तोल खरोखरच जात असेल तरच ती बघा, आणि चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.

कंपनी: हिरो, फायरफॉक्स, डिकॅथलॉन, कुणाचीही चालेल. वरच्या गोष्टी जुळल्या आणि दुरुस्तीचं दुकान घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असलं की पुरे. वजन 15 किलोच्या आत ठेवा. पैसे देण्याआधी वडिलांना पंधरा-वीस मिनिटं चालवू द्या, एका चढावर न्या, आणि रस्त्याच्या कडेला निदान पाच वेळा थांबवा.

पहिल्या 100-150 किलोमीटरनंतर सायकल दुकानात परत न्या. नव्या तारा सैल पडतात, गिअर अडखळायला लागतात, ते तिथे दहा मिनिटांत ठीक होतं. पेडलचे दांडे तेव्हाच आवळून घ्या. डाव्या बाजूचं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेला फिरवून आवळायचं. घरी कुणी उजव्यासारखंच फिरवून जोर लावला की ते सैल होतं आणि तसंच चालवत राहिलं की दांड्यातले आटे जातात.