बाथरूमसाठी टिकाऊ आणि परवडणारे वॉश बेसिन कोणत्या मटेरियलचे घ्यावे?

आपण लिहिले आहे की कोल्हापूरजवळ कळंब्याकडे छोटे घर बांधत आहात, पाणी बोअरचे आहे, बजेट बेताचे आहे आणि सिरॅमिक, स्टील व संगमरवर यांपैकी काय घ्यावे हे ठरत नाही. पांढरे, साधे, चांगल्या भाजणीचे सिरॅमिक घ्या. संगमरवर मात्र मुळीच घेऊ नका, आणि हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण याच विषयावर आमचा आणि आमच्या साडूंचा वाद बरीच वर्षे चालू आहे.

माझे आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेले. मोल्डिंगच्या काळ्या वाळूने भरलेले हात घरी येऊन ज्या बेसिनमध्ये धुतले, ते पांढरे सिरॅमिकचे होते आणि आजही तेच आहे. साडूंनी राजारामपुरीत घर बांधले तेव्हा ओट्यावर संगमरवराचे वाडग्याच्या आकाराचे बेसिन बसवले आणि वास्तुशांतीच्या पंगतीत, सगळे पाहुणे ऐकत असताना, आमच्या बेसिनला ‘एसटी स्टँडवरचे’ म्हणाले. वाढपी तांबड्या रश्श्याची बादली घेऊन समोर उभा होता, म्हणून मी गप्प बसलो.

पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत, मी त्यांच्याकडे गेलो असताना, कामाच्या मावशींनी नळाखालचा पांढरा थर निघत नाही म्हणून त्या बेसिनमध्ये टॉयलेट क्लीनर ओतला. क्षणात दगडावर फेस आला. तो साबणाचा फेस नव्हता. बारीक बुडबुडे दगडातूनच वर येत होते आणि कान जवळ नेला तर चरचर ऐकू येत होती. धुतल्यावर तळहाताएवढ्या भागाची चमक गेलेली होती आणि तिथे बोट फिरवले की खरखरीत लागत होते. साडूंनी आधी मावशींना दोष दिला, मग बोअरच्या जड पाण्याला, आणि शेवटी दगड देणाऱ्या दुकानदाराला.

वस्तुतः यात मावशींचा काही दोष नव्हता. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते दगड विरघळवते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आता जड पाण्याचा जो पांढरा थर नळाखाली बसतो, तोही बराचसा कॅल्शियम कार्बोनेटच असतो. म्हणजे थर काढायला जे आम्ल लागते तेच बेसिनलाही खाते, मग ते क्लीनरमधले असो, व्हिनेगर असो की लिंबाचा रस. साडू म्हणतात, सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारा लेप, लावला की झाले. सीलरमुळे डाग आत मुरत नाहीत हे खरे, परंतु आम्लाने होणारी झीज त्याने थांबत नाही. पुन्हा पॉलिश करून घ्यावेच लागते, आणि स्वस्त-महागाचा हिशेब करताना ही मजुरी कोणी धरत नाही. सिरॅमिकवर काचेसारखा ग्लेझ असतो, त्यामुळे व्हिनेगरचे फडके काही वेळ ठेवून पुसले की थर निघतो आणि चमक तशीच राहते.

मात्र सिरॅमिक म्हणून दुकानात जे जे मिळते ते सगळे सारखे नसते. चांगल्या भाजणीचे सिरॅमिक म्हणजे व्हिट्रियस चायना; ते साधारण 1200 अंश सेल्सिअसला भाजलेले असते आणि त्याचे पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. बेसिनवर आयएस 2556 या भारतीय मानकाचा शिक्का आहे का ते पाहावे. बेसिन उलटे करून, ग्लेझ नसलेल्या कडेवर शाईचा थेंब टाकावा; तो पसरत आत मुरला तर माल कच्चा समजावा. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे: आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर आत तडा असण्याची शक्यता असते. मोरबी आणि थानगढकडचा माल कमी दरात मिळतो व त्यात उत्तम बेसिनेही असतात, त्यामुळे मोठ्या नावासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

स्टील फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु 304 या प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते, तर स्वस्त 202 मध्ये निकेल बरेच कमी असल्याने ते लवकर डागाळते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात ते निरर्थक आहे, कारण तो सहसा दोन्हींना चिकटत नाही. चरे पडतात ते वेगळेच. कारखान्यात स्टील ठीक आहे.

सिरॅमिकवर पितळी तांब्या निसटून पडला तर टवका उडतो, आणि उकळते पाणी एकदम ओतल्यास तडा जाऊ शकतो, हे सांगायला हवे. वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी निचऱ्याची जोडणी, पाना लावून वाजवीपेक्षा जास्त आवळू देऊ नका. भोकाजवळ चीर पडते. घरात लहान मुले असतील तर खाली पेडेस्टल, म्हणजे आधाराचा खांब, घ्या, ती बेसिनला लोंबकळतात. रंग गडद नको, कारण बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब त्यावर वाळून पांढरा ठिपका होतो. साडूंनी वरच्या मजल्यावर अलीकडे सिरॅमिक बसवले आहे, तेही काळे, आणि आता त्यांची तक्रार ठिपक्यांची आहे.