सासऱ्यांचा लहानपणीचा विश्वास उडाला आहे

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. माझे सासरे अमेरिकन असून त्यांचा जन्म १९४७ सालचा, बालपण न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमधले. 'शाळेत शिकवलेले सगळे खोटे होते' असे ते हल्ली नातवंडांसमोरही बोलतात. पुण्याहून आलेले माझे वडील त्यांची समजूत घालायला जातात आणि वाद वाढतो. काय करावे?

उत्तर : आधी आपल्या वडिलांना थांबवावे. 'या देशाने तुम्हाला काय कमी केले?' असे व्याह्यांना विचारण्यामागे त्यांची आपुलकीच असणार. परंतु सासऱ्यांची तक्रार काय मिळाले नाही याची नसून, ज्या मोठ्या माणसांवर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांनी काय सांगितले नाही याची आहे.

त्यांच्या पिढीतील मुले रोज सकाळी छातीवर हात ठेवून ध्वजाची प्रतिज्ञा म्हणत आणि अणुहल्ल्याच्या सरावात बाकाखाली शिरून दोन्ही हातांनी मान झाकून घेत. भीतीबरोबरच खोटे बोलतो तो रशिया, आपले सरकार नव्हे, ही खात्रीही त्यांच्या मनात रुजली. मे १९६० मध्ये रशियाने यू-टू हे हेरगिरीचे विमान पाडले, तेव्हा ते हवामान संशोधनाचे असल्याचे अमेरिकेने जाहीर केले आणि काही दिवसांतच वैमानिक जिवंत हाती लागल्याचे रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी जगाला सांगितले. पुढे व्हिएतनाम युद्ध, त्या युद्धाविषयी सरकारने लपवलेले उघड करणारी १९७१ मधली गोपनीय कागदपत्रे म्हणजे पेंटॅगॉन पेपर्स आणि वॉटरगेट प्रकरणामुळे १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी दिलेला राजीनामा, हे सारे त्यांनी ऐन तारुण्यात पाहिले.

तरीही सर्वांत खोल जखम कदाचित घराचीच असेल. लेव्हिटाउन १९४७ पासून उभे राहिले ते मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी. मात्र तिथल्या सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्या वंशाखेरीज कोणीही घरात राहू नये, नोकर म्हणून राहिल्यास चालेल, असे कलम होते. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिल्यानंतरही बिल्डरने कृष्णवर्णीयांना घरे नाकारणे चालूच ठेवले, आणि नाकारल्या गेलेल्यांत त्याच युद्धात लढलेले सैनिकही होते. सासऱ्यांच्या वडिलांनी कष्टाने घर उभे केले, हे खरे. ते घर इतरांना दार बंद करणाऱ्या वसाहतीत होते, हेही तितकेच खरे. प्रेमळ वडिलांविषयी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करणे म्हातारपणी फार जड जाते.

आपल्या वडिलांनाही थोडा इतिहास सांगावा, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत स्थायिक झालेले भारतीय भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व नाकारले गेले; १९४६ मध्ये ते खुले झाले, पण वर्षाला जेमतेम १०० जणांना स्थलांतराची मुभा होती. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यामागे नागरी हक्क चळवळीने बदललेले वातावरण होते. सासरे आज विचारत आहेत तसे प्रश्न ज्यांनी तेव्हा विचारले, त्यांचे आपल्यासारख्या कुटुंबांवर मोठे ऋण आहे.

मुलांची काळजी रास्त आहे. 'सगळे खोटे' हा निकाल लहान मुलांना पेलत नाही, म्हणून निकालाऐवजी घडलेले सांगण्याची विनंती सासऱ्यांना करावी: बाकाखाली बसल्यावर काय वाटायचे, १९५५ मध्ये पोलिओची लस आली तेव्हा घरोघरच्या आईवडिलांना केवढा धीर आला, शेजारी कोण राहत होते आणि कोण राहत नव्हते. त्यांच्या बोलण्यात चांगलेही आपोआप येईल. ते आपण पुढे करू नये, आणि त्यांचे सांत्वन करण्याची घाईही नको.

तुमच्या यजमानांनी मात्र आपल्या वडिलांजवळ, म्हणजे तुमच्या सासऱ्यांजवळ, एकट्याने बसावे. जेवण-झोप कमी झाली असेल किंवा जुने मित्रही त्यांना नकोसे झाले असतील, तर त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्यावे, कारण वृद्धापकाळातले नैराश्य पुष्कळदा अशाच बोलण्याआड दडलेले असते.