मानवी तस्करीच्या खटल्यांत पोलीस आणि सरकारी वकील यांच्यातील समन्वय कसा सुधारता येईल?

तपास पोलिसांचाच राहावा, परंतु सरकारी वकिलाचा सल्ला दोषारोपपत्र तयार झाल्यावर नव्हे, तर पीडितेच्या सुटकेनंतर लगेच घेतला जावा. कारण ती अनेकदा परराज्यातली किंवा बांगलादेश-नेपाळमधली असते, घरी परतल्यावर तिची साक्ष मिळवणे अवघड होते, आणि म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लवकर नोंदवणे अत्यावश्यक ठरते. कुंटणखान्याच्या चालकापाशीच तपास थांबतो आणि मुलीला विकणारा दलाल मोकळा राहतो, ही मला सर्वांत वेदनादायक बाब वाटते. त्या दलालापर्यंत पोहोचण्यासाठी बँक व्यवहार, फोनच्या नोंदी, प्रवासाची तिकिटे यांपैकी कोणता पुरावा कमी पडतो आहे, हे वकिलाने तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे.