बाभळीतल्या समाध्या कोणाच्या?

प्रश्न : आम्ही लिंगायत. निलंगा तालुक्यातल्या आमच्या जुन्या शेतात बाभळी-घाणेरीत काही समाध्या आहेत. आजोबांनंतर तिथं कुणी दिवा लावला नाही. त्या कोणाच्या, हे कसं शोधू?

उत्तर : आधी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. कागद थांबतील, ती थांबणार नाही. तुमच्या घराण्याचे जंगम म्हणजे लिंगायत पुरोहित, आणि तुमच्याकडे येत असतील तर वंशावळ सांगणारे हेळवी, यांनाही गाठा.

मग दगड. नंदी किंवा पिंडीखाली अक्षरं असतील तर तारेचा ब्रश अजिबात नको, चुनाही नको; माझं एवढं ऐकाच. नुसत्या पाण्यानं धुवा आणि उन्हं कलल्यावर फोटो काढा. तिरप्या उजेडात झिजलेली वेलांटीसुद्धा उठून दिसते. शके असेल तर ७८ मिळवा.

जमीन कोणाच्या नावावर होती, ते १९५४-५५ च्या खासरा पत्रकात बघा, तहसीलला अर्ज करून. त्याआधीचे निजामी कागद बरेचसे उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली कामकाजाचं. त्यात ५९० मिळवा : फसली १३५० म्हणजे १९४०-४१. वाचायला उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी शोधा.

शेत वाटून घ्यायचं किंवा विकायचं चाललं असेल, तर हे सगळं त्याआधी करा.